तयार आहेस का?

नवव्या दिवसाची प्रार्थना संध्याकाळऐवजी दुपारीच उरकायची असं थेल्मानं ठरवलं, तेव्हा मिलाग्रोसनं तोंड वाकडं केलं. मिलाग्रोस तिची भावजय, ऑस्बर्टची बायको, कॅथलिक घरातली. तिच्या माहेरी माणूस गेलं की नऊ संध्याकाळी जपमाळ व्हायचीच. म्हातारा एबनेझर लिबर्ड जन्मभर प्रोटेस्टंटांच्या मोरावियन चर्चमध्ये गेला आणि जपमाळेला त्यानं कधी बोट लावलं नाही, पण सासऱ्यासाठी खरोखर रडणाऱ्या सुनेला नाही कोण म्हणणार? त्यामुळे पुढच्या खोलीत टेबलावर पांढरी चादर पडली, मेणबत्त्या आल्या, म्हाताऱ्याचा फोटो आला, शेजारी पाण्याचा पेला आला. हे सगळं बघून पप्पा वर गालातल्या गालात हसत असणार, असं थेल्माला रोज वाटायचं आणि मग तिलाच भरून यायचं.

दुपार धरायचं कारण फोन होता. अमेरिकेतून तिथल्या बेसबॉल क्लबचे कारभारी हॅल्डेनसाहेब चार वाजता बोलणार होते, ऑस्बर्टच्या मुलाशी, इसायासशी. इसायास वीस वर्षांचा. दोन वर्षं तो त्यांच्या क्लबच्या खालच्या लीगमध्ये कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे बसून पिचरचा चेंडू धरणारा म्हणून, खेळत होता आणि हिवाळ्यात घरी येऊन आपल्या गावच्या, सान पेद्रोच्या, संघाकडून खेळला होता. आता क्लबच्या वरच्या संघातल्या दुसऱ्या कॅचरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जागा रिकामी होती. हॅल्डेनसाहेबांची रीत अशी की पोराला वर उचलण्याआधी ते स्वतः त्याला एकच प्रश्न विचारत, तयार आहेस का? हो म्हटलं तर वसंतात थेट वरची लीग, पण दुसरा कॅचर म्हणून. म्हणजे आठवड्यातून एखादा खेळ आणि बाकीचे दिवस बाकावर. नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष खालची लीग, तिथं रोज खेळायला मिळणार, पण वरची जागा दुसऱ्याची. तो दुसराही ठरलेला होता, रामसेस म्हणून अझुआ गावचा मुलगा.

कोवळं पोर वर लवकर जाऊन घडतं की खाली राहून, यावर मत नसलेलं घर सान पेद्रोच्या साखर कारखान्यांच्या वस्त्यांत सापडायचं नाही. कारखान्याची चिमणी थंड पडून किती वर्षं झाली, तरी न्हाव्याच्या दुकानात वाद हाच. लिबर्डांच्या घरात मात्र तो वाद नव्हता, जखम होती. ऑस्बर्ट आणि देन्झिल हे थेल्माचे भाऊ, दोघंही कॅचर, दोघंही एकाच क्लबचे. थोरला ऑस्बर्ट अकरा वर्षं खालच्या लीगमध्ये धूळ खात राहिला आणि वरचं मैदान त्यानं टीव्हीवरच पाहिलं. धाकटा देन्झिल एकविसाव्या वर्षी वर गेला, दीड हंगाम बाकावर बसला, आणि जो खाली आला तो खेळातूनच गेला. आता ऑस्बर्ट एका क्लबच्या अकादमीत पोरांना शिकवत होता, देन्झिलचं राजधानीत टायरचं दुकान होतं. भाऊ एकमेकांशी भांडत नव्हते. भांडायला बोलावं लागतं. देन्झिल त्याला पूर्वी दादा म्हणायचा, आता काहीच म्हणत नव्हता, आणि पप्पांच्या आजारपणातसुद्धा दोघांनी एका दिवशी यायचं टाळलं होतं.

प्रार्थना झाली. शेजाऱ्यांनी मासा आणि मक्याच्या पिठाची फुंगी खाल्ली, आल्याची कॉफी घेतली, म्हाताऱ्याच्या दोन-चार गोष्टी सांगून हसले, डोळे पुसले आणि उठले. चर्चमधून आणलेल्या खुर्च्या परत पोचवायला इसायास गेला. खोलीत चौघं उरले. रीतीप्रमाणे टेबल आवरायचं काम थोरल्या लेकराचं, म्हणजे थेल्माचं. ती मेणबत्त्या विझवू लागली.

"पोरगं यायच्या आत ठरवू या," मिलाग्रोस म्हणाली. "पप्पा असते तर त्यांनी ठरवलं असतं. आता ताई, तुम्हीच बोला."

थेल्मानं मान हलवली. शाळांच्या संघांचे गणवेश शिवून तिनं आयुष्य काढलं होतं. पाठीवरचे आकडे तिला कळत होते, पाठीतलं बळ कळत नव्हतं, असं ती नेहमी म्हणायची. ती म्हणाली, ज्यांना कळतं त्यांनी आधी बोलावं.

सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की वर जाऊन आलेला देन्झिल 'वर जा' म्हणणार आणि खाली घडलेला ऑस्बर्ट 'खाली राहा' म्हणणार. माणूस आपलीच वाट बरोबर म्हणतो. झालं उलटंच.

"खाली पाठवा त्याला," देन्झिल म्हणाला. "बाकावर बसून कोणी कॅचर झालेला नाही, वहिनी. कुठल्या मैदानात ऊन बाकावर कधी येतं ते मला अजून पाठ आहे. खेळ मात्र तिथंच विसरलो. पोराला रोज चेंडू हवा. चुकायला जागा हवी. वर चुकलं की वीस हजार माणसं ओरडतात, आणि दुसऱ्या दिवशी तुझं नावच लागत नाही."

मिलाग्रोसला हे पटलं. तिला पोरगं आणखी एक वर्ष लहान राहिलेलं हवंच होतं. ती म्हणाली, अजून त्याला स्वतःचा शर्ट इस्त्री करता येत नाही, तो त्या शहरात काय करणार? भाऊजी म्हणतात ते खरं आहे.

ऑस्बर्ट खिडकीशी उभा होता. तो वळला नाही.

"वर जायचं," तो म्हणाला. "खाली जे शिकता येतं ते तो शिकलाय. वरचा पिचर जो चेंडू टाकतो तो खाली येतच नाही, मग कितीही वर्षं खेळा. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही."

"खोल पाण्यात पडलेले सगळे वर येत नाहीत," देन्झिल म्हणाला.

"काठावर बसलेले तर कोणीच येत नाहीत."

मग ऑस्बर्ट बायकोकडे वळला आणि त्यानं तिला शांतपणे समजावलं. रामसेस वर गेला आणि त्यानं दोन महिने बरे काढले की ती जागा त्याची. कॅचरच्या जागा दोनच असतात. खाली मात्र कॅचर पोत्यानं असतात, आणि दरवर्षी अकादमीतून नवं पोतं येतं. पोरगं तेवीसचं होईल, चोवीसचं होईल, मग साहेब लोक त्याला म्हणतील की तू फार समजूतदार आहेस, पोरांना शिकव. ऑस्बर्टनं हे सगळं सांगताना स्वतःचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

मिलाग्रोसचा चेहरा बदलला. नवऱ्याची ती अकरा वर्षं तिनंही काढली होती, पत्रं आणि फोनच्या आधारावर. ती उठून ऑस्बर्टच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. देन्झिल एकटा पडला आणि एकटा पडल्यावर त्याची जीभ नेहमी सैल सुटायची.

"पोराला वर ढकलतोयस की स्वतःला?" तो म्हणाला. "तुझी राहिलेली हौस त्याच्या पाठीवर का?"

"देन्झिल," थेल्मा म्हणाली. "पप्पांचा फोटो अजून टेबलावर आहे."

"असू दे. पप्पांनीपण हेच सांगितलं असतं. उतू नका, मातू नका."

"पप्पांनी काय सांगितलं असतं ते मला सांगू नकोस," ऑस्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण थेल्माच्या हातातली मेणबत्ती हातातच राहिली. "तुला वर बोलावलं तेव्हा तू का नाही म्हणालास, मी तयार नाही म्हणून?"

"तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं!"

"आणि मला हो म्हणायची अक्कल असती तर?"

कोणाला काही कळलं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी होती की त्या उन्हाळ्यात क्लबला कॅचर हवा होता, आणि क्लबनं थोरल्याला डावलून धाकट्याला नेलं. ऑस्बर्टला त्याचा राग आला, देन्झिलला त्या रागाचा राग आला, आणि पुढं सगळं नासलं.

"आधी मला बोलावलं होतं," ऑस्बर्ट म्हणाला. "व्यवस्थापकाच्या खोलीत. त्यानं विचारलं, तयार आहेस का? मी म्हणालो, अजून शिकतोय, साहेब."

थेल्मानं मेणबत्ती खाली ठेवली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

त्या घरात ते उत्तर दुधाबरोबर पाजलेलं होतं. पप्पांचे वडील नेव्हिस बेटावरून ऊस तोडायला आले, तेव्हापासूनचं ते उत्तर होतं. मुकादमानं विचारलं, काम येतं का, तर म्हणायचं, शिकतोय साहेब. येतं म्हणणाऱ्याच्या माथी बिघडलेलं प्रत्येक यंत्र मारलं जायचं. पुढं मुकादम गेले, कारखाना गेला, उत्तर राहिलं आणि त्याचं वळण झालं. चर्चमध्ये कोणी म्हटलं छान गातेस, तर शिकतेय. बाईंनी विचारलं गणित आलं का, तर शिकतोय. स्वतःच्या तोंडानं स्वतःला चांगलं म्हणणाऱ्या पोराचा कान पप्पा पिळायचे, आणि थेल्मानं नंतर इसायासचा पिळला होता. इथल्या माणसाला त्या उत्तराचा अर्थ बरोबर कळायचा, की हा पोरगा तयार आहे आणि वर सभ्यही आहे. अमेरिकेतल्या ओहायोच्या व्यवस्थापकाला तो कुठून कळणार?

"त्यानं मान डोलावली, म्हणाला, खरं बोललास, बरं वाटलं. आणि तुला हाक मारायला मलाच पाठवलं," ऑस्बर्ट म्हणाला.

देन्झिल भिंतीकडे बघत बोलला.

"मला वाटलं होतं, तुला विचारलंच नसेल. तू दारात येऊन म्हणालास, जा, बोलावलंय. बस एवढंच. त्यानं मला विचारलं आणि मी म्हणालो, कधीचा तयार आहे. मला तेव्हा वळणारा चेंडू दिसतसुद्धा नव्हता. मी ते उत्तर दिलं ते पप्पांवर राग म्हणून. घरात कधी म्हणता आलं नाही ना, म्हणून."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मिलाग्रोसनं नवऱ्याला विचारलं. तिलाही हे आजच कळत होतं.

ऑस्बर्टनं टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं. "पप्पा असताना कसं सांगणार? त्यांनी शिकवलेलं उत्तर होतं. त्यांना कळलं असतं तर ते झोपले नसते पुन्हा."

थेल्माला त्या क्षणी वडिलांची कीव आली आणि भावांची त्याहून जास्त आली. कोणाची चूक म्हणायची? म्हाताऱ्यानं पोरांना जगायला शिकवलं होतं, आणि त्या शिकवणीनं दोन पोरांची दोन आयुष्यं वाकडी केली होती. तिनं फोटो उचलला आणि लेकराला धरावं तसा छातीशी धरला.

मिलाग्रोस मात्र आता पेटली होती. ती म्हणाली की मग तर ठरलंच, पोरानं बेधडक हो म्हणायचं, तयार आहे म्हणून सांगायचं. ऑस्बर्ट होच म्हणाला. नवल म्हणजे देन्झिलही गप्प राहिला. भावाचं ऐकल्यावर खाली राहा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

तेवढ्यात इसायास आला. उंच, रुंद खांद्यांचा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. खुर्च्या मोजून दिल्या म्हणाला आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थांबला.

"ये, बस," थेल्मा म्हणाली. "मघापासून आम्ही चौघं बडबडतोय आणि तुला कोणी विचारलंच नाही. तुला काय वाटतं रे? तयार आहेस का तू?"

"अजून शिकतोय, आत्या," इसायास म्हणाला.

मिलाग्रोसनं तोंडावर हात धरला. देन्झिल खाली बघायला लागला. पोराला कळेना, आपलं काय चुकलं. त्यानं घरात शिकवलेलं तेच उत्तर दिलं होतं.

थेल्मा त्याच्यापाशी गेली. "हे उत्तर मीच तुला शिकवलंय," ती म्हणाली. "आज ते बाजूला ठेव. परक्याला सांगायचं ते मला सांगू नकोस. खरं काय ते सांग."

तेव्हा ऑस्बर्ट खिडकीपासून हलला आणि मुलाच्या समोर बसला. अकादमीत नव्या पोराला पारखायला बसतो तसा तो बसला, गुडघ्यांवर कोपरं ठेवून. त्यानं एकेक विचारायला सुरुवात केली.

"मातीत पडलेला चेंडू?"

"अडवतो."

"दुसऱ्या बेसवर फेक?"

"येते. तुमच्यापेक्षा चांगली येते, बाबा."

देन्झिल हसला आणि लगेच थांबला. ऑस्बर्ट हसला नाही.

"पिचर बिथरला तर?"

"जाऊन बोलतो. आजोबांचं इंग्रजी आहे की. पिचरला माझे उच्चार ऐकून हसू येतं, आणि हसला की तो सावरतो."

"आणि बॅट?"

इसायासनं हात चोळले. "नाही," तो म्हणाला. "या हिवाळ्यात लोकांनी डोक्यावर घेतलं, पण खरं नाही ते. वळणारा चेंडू मला उशिरा दिसतो. नशिबानं लागला चार वेळा."

"बाकावर बसून बघत राहिलास तर दिसायला लागेल?" हे देन्झिलनं विचारलं.

"नाही, काका. बघून नाही येत ते. रोज चार वेळा बॅट घेऊन उभा राहिलो, रोज चुकलो, तर येईल. एका उन्हाळ्यात येईल असं वाटतं."

ऑस्बर्टला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे थेल्माला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पोरांच्या बॅटी बघण्यातच त्याचे दिवस जात होते. स्वतःच्या पोराची बॅट त्याला दिसली नसेल असं कसं होईल? त्यानं ते पाहिलं होतं आणि तरीही त्याला वर पाठवायचं होतं.

"नाही म्हटलेल्याला पुन्हा कोणी विचारत नाही रे," ऑस्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मला भीती वाटते ती याची. बाकी काही नाही."

"मी नाही म्हणणार नाही, बाबा," इसायास म्हणाला. "हो पण म्हणणार नाही. जे आहे तेवढं सांगतो."

"त्यांना एवढं ऐकायला वेळ असतो का?" मिलाग्रोस म्हणाली. तिला उत्तर मिळायच्या आत फोन वाजला.

इसायासनं उभं राहूनच घेतला. तो बोलायला लागला आणि थेल्माच्या अंगावर काटा आला. शब्द थेट पप्पांचे होते, तेच नेव्हिस बेटावरचं जुनं इंग्रजी, तीच प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारी लय. मिलाग्रोसला इंग्रजी येत नव्हतं. तिनं थेल्माचं मनगट धरलं आणि थेल्मा तिच्या कानात एकेक वाक्य सांगत राहिली.

साहेबांनी विचारलं. तयार आहेस का म्हणून विचारलं.

इसायासनं एकदा बापाकडे पाहिलं.

"माझे हात तयार आहेत, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या कुठल्याही पिचरचा चेंडू मी आज धरीन. बॅट तयार नाही. ती रोज खेळून तयार होईल, बसून होणार नाही. तुम्ही मला वर रोज खेळवणार असाल तर मी उद्या येतो. बसवणार असाल तर मला खाली पाठवा, आणि जुलैमध्ये पुन्हा विचारा."

मग तो ऐकत राहिला. फार वेळ ऐकत राहिला, किंवा थेल्माला तसं वाटलं. मध्ये तो हो साहेब म्हणाला. मग म्हणाला, रामसेस चांगला आहे, त्याची बॅट माझ्यापेक्षा चांगली आहे. मग पुन्हा हो साहेब म्हणाला, आभार मानले आणि फोन ठेवला.

"खाली," तो म्हणाला. "रामसेस वर जातोय."

"आणि जुलै?" मिलाग्रोसनं विचारलं. "जुलैचं काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू."

"बघू म्हणजे काय?"

बघू म्हणजे काय ते लिबर्ड भावंडांना पक्कं ठाऊक होतं, आणि इसायासला आता कळणार होतं. जुलै येईल आणि जाईलही. रामसेस टिकेल, किंवा टिकणार नाही. पोरानं आज जे केलं ते शहाणपण ठरेल की आयुष्यभराचा घोर, हे सांगणारा माणूस या टेबलाशी कोणी नव्हता. मिलाग्रोस मुलाजवळ गेली. तिनं त्याचा ओला शर्ट पाठीवरून सोडवला आणि म्हणाली, बदल आधी, सर्दी होईल. आईला दुसरं काही सुचलं नाही. इसायास शर्ट बदलायला आत गेला आणि त्याच्या मागून तीही गेली.

थेल्मानं चादर ओढून काढली. नऊ दिवसांचं मेण तिच्यावर सांडून वाळलं होतं. ती घडी घालायला लागली आणि मग थांबली, कारण ऑस्बर्ट रडत होता. पप्पा गेले त्या दिवशी तो रडला नव्हता, मातीच्या वेळी रडला नव्हता, नऊही दिवस कोरड्या डोळ्यांनी शेजाऱ्यांना कॉफी देत राहिला होता. आता तो टेबलाच्या उघड्या फळीवर दोन्ही हात पसरून रडत होता, आणि ते हात कॅचरचे होते, बोटं वाकलेली, एकेक सांधा सुजून तसाच बरा झालेला.

देन्झिल उठला. तो दाराकडे जाईल असं थेल्माला वाटलं, कारण तो नेहमी दाराकडेच जायचा. पण त्यानं खुर्ची ओढली आणि भावाच्या शेजारी बसला.

"हात तयार आहेत," ऑस्बर्ट म्हणाला. "एवढंच म्हणायचं होतं रे मला त्या माणसाला."

"आणि मला म्हणायचं होतं, बॅट नाही," देन्झिल म्हणाला. "एवढंच, दादा."